शांताक्कांची इंग्रजी पोथी

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. शांताक्का कुठे गेलेल्या नाहीत. दावणगेरीला लेकाकडे राहायला गेल्यात आणि तब्येतीने माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत, त्यामुळे मला खरं सांगायला हरकत नाही. मी त्यांच्यावर जळत होते. जुन्या हुबळीतल्या आमच्या बोळात आम्ही एकवीस वर्षं समोरासमोर राहिलो, सकाळी रांगोळी काढताना रोज एकमेकींना हसलो, विरजणाची वाटी इकडून तिकडे गेली. आणि शेवटचे दोन महिने मी त्यांच्यावर इतकी जळले की माझं मलाच नवल वाटतं.

शांताक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉलच्या काळापासून. ठेंगणी मूर्ती, इरकल साडी, दोन्ही खांद्यांना पिना, आणि आवाज असा की त्या कधी ओरडल्याचं कुणी ऐकलं नाही. उजव्या कानावर इतकी वर्षं हेडफोन बसला की तो कान गेला. "उजवा सरकारला दिला, डावा माझा," असं म्हणायच्या आणि बोलणाऱ्याकडे डावा कान करून बसायच्या. समोरच्याला वाटायचं, ही बाई आपलंच ऐकायला जन्माला आली आहे. मोबाईल आला तरी जुनी सवय सुटली नाही. समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवायच्या नाहीत. "तुमचं झालं ना? ठेवा तुम्ही," म्हणून थांबून राहायच्या.

नोकरीबद्दल विचारलं की एकच सांगायच्या. "काय असतंय वैनी त्यात. ऐकायचं, जोडायचं, बाजूला व्हायचं."

आमच्या बोळातल्या कमळाकाकूंचे यजमान हयात असताना दर महिन्याला सोलापूरला ट्रंक कॉल लावायचे. कुणाला, ते काकूंना कधी कळलं नाही. यजमान गेले, तरी काकूंनी पिच्छा सोडला नाही. हळदीकुंकवाला, बारशाला, गॅस सिलिंडरच्या रांगेत, जिथे शांताक्का सापडतील तिथे विचारायच्या. आणि शांताक्का डाव्या कानावर हात ठेवून दरवेळी तेच सांगायच्या, "लाईन खराब होती हो काकू. काही ऐकूच आलं नाही." मी स्वतः एकदा गोड बोलून, गरम थालीपीठ वाढून विचारून बघितलं. त्यांनी दोन थालीपीठं खाल्ली, वर दही मागून घेतलं आणि लाईन खराब होती म्हणाल्या.

आता माझं सांगते. श्रावणातली पोथी बोळात मी वाचायची. अठरा वर्षं. दुपारी जेवणं आवरली की आमच्या पुढच्या खोलीत बायका जमायच्या, हातात अक्षता धरून ऐकायच्या, अध्याय संपला की त्या पोथीवर वाहायच्या, मग खडीसाखर. माझा आवाज चांगला आहे. हे मी सांगायला नको, पण कुणी सांगत नाही म्हणून सांगते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने, नेहाने, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून माझ्या उशाशी ठेवलं. नेहा धारवाडला शाळेत शिकवते, तेव्हा रोज बसने जाऊन येऊन करायची. "आई, हे वाच ना. यातली माणसं तुला आवडतील," म्हणाली. मी कव्हर बघितलं. जहाज, पंख फुटलेला साप, पाठीला पाठ लावून उभ्या दोन बायका. म्हटलं, या वयात राक्षसांच्या गोष्टी काय वाचायच्या. तिने नंतर दोनतीनदा विचारलं, कुठपर्यंत आलीस. मी म्हटलं, "वाचते गं, सवड मिळाली की." मग कैऱ्या आल्या, लोणचं घातलं, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, आणि वर वजन ठेवायला ते पुस्तक अगदी मापाचं निघालं. नेहाने ते बघितलं आणि कुठपर्यंत आलीस म्हणून पुन्हा विचारलं नाही.

एक दिवस शांताक्का विरजण मागायला आल्या आणि बरणीपाशी थांबल्या. "वैनी, हे कुणी वाचतंय का?"

"कोण वाचणार ते. घेऊन जा की," मी म्हटलं. माझ्या हाताने दिलं मी ते. बरणीवर वरवंटा ठेवला.

शांताक्कांचं इंग्रजी एक्स्चेंजमधलं, पण हाडाचं. सकाळी डिक्शनरी घेऊन बसायच्या, अडलेले शब्द वहीत उतरवायच्या. दुपारी त्यांच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, चारसहा बायका साडीच्या पदराला गोंडे बांधायचं काम घेऊन बसत. हात चालू असतात, तोंड रिकामं असतं, म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाचायच्या म्हणजे इंग्रजी ओळ डोळ्यांनी बघायच्या आणि तोंडाने मराठी सांगायच्या, मध्येच महादेवीसाठी कानडी. महादेवी गोंड्याच्या कामात बोळात सगळ्यांत हुशार, तिला मराठी कळतं पण राग आला की कानडीच लागतं. श्रावण लागला आणि बायका म्हणाल्या, आता हीच पोथी. हातात अक्षता घेऊनच बसायला लागल्या.

माझ्याकडे पहिल्या सोमवारी तिघी आल्या. दुसऱ्या सोमवारी कमळाकाकू एकट्याच, आणि त्याही घड्याळ बघत. शेवटी म्हणाल्या, "वसुधा, राग नको मानू. तिथे राणीला विष घातलंय, जगते का मरते बघून येते."

मी सूप घेऊन शांताक्कांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. तांदूळ निवडायला उजेड चांगला आहे म्हटलं. किती निवडले म्हणून सांगू, आमच्या घरात त्या महिन्यात भातात एक खडा लागला नाही.

गोष्ट होती सात बेटांच्या राज्याची. म्हाताऱ्या राणीला मूलबाळ नाही, आणि समुद्रातला उडता नाग दर पौर्णिमेला एक बेट गिळतो. पण खरी मजा माणसांत होती, ते मला कबूल केलं पाहिजे. खोटं बोललेलं ज्याला वासावरून कळतं असा एक लठ्ठ आचारी. मंत्र विसरतो म्हणून तळहातावर लिहून ठेवणारा जादूगार, ज्याने हात धुतले की पंचाईत. समुद्रदेवीच्या देवळाचा राखणदार, जो पुरुषही नाही आणि बाईही नाही. तो आला तेव्हा शांताक्का कसं समजवावं म्हणून थांबल्या, तर महादेवीच म्हणाली, "म्हणजे आमच्या जोगप्पासारखं. बरोबर आहे की. देवीच्या दारात तेच असायचे." झालं, राखणदार त्या दिवसापासून जोगप्पा.

आणि त्या दोघी. एक जहाजाची तांडेल, दुसरी नकाशे काढणारी. मूळ नावं जिभेवर बसेनात म्हणून शांताक्कांनी तांडेलीला गंगव्वा केलं आणि नकाशेवालीला रत्ना. चौथ्या अध्यायात रत्ना राणीसाठी समुद्राचा नकाशा काढते, आणि कुठूनही सुरुवात केली तरी तिची रेघ गंगव्वाचं जहाज उभं आहे तिथेच जाऊन थांबते. शांताक्कांनी पुस्तकात बोट घातलं आणि चष्मा काढला.

"आता नीट ऐका. रत्नाचा गंगव्वावर जीव आहे. मैत्रिणीवर असतो तसा नव्हे. ज्याच्याशी संसार करायचा त्याच्यावर असतो तसा."

कमळाकाकूंनी गोंड्याची गाठ ओढली, दातांनी दोरा तोडला.

"दुसरीचा आहे का हिच्यावर?"

"ते अजून आलं नाही."

"मग वाच की पुढे. थांबलीस कशाला?"

तो शनिवार होता. शनिवारी नेहाची शाळा सकाळची, त्यामुळे ती तिथेच होती, शांताक्कांच्या डाव्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लावून. माझ्या पोथीला दहावीनंतर ती कधी बसली नव्हती. परीक्षा, डोकं दुखतंय, मैत्रिणीकडे जायचंय, काही ना काही असायचं. आणि इथे पाय दुमडून बसलेली. इतर दिवशीचे अध्याय बुडायचे ते संध्याकाळी शांताक्कांच्या पायरीवर बसून वेगळे ऐकायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. त्या बोलायच्या, ही बोलायची, आणि कधी कधी हीच जास्त बोलायची. शांताक्का डावा कान पुढे करून नुसत्या ऐकायच्या. घरात आली की मी विचारायची, "काय एवढं बोलत होतीस?" "काही नाही, गोष्ट," असं सांगून आत जायची. नऊ महिने मी वाढवली, दोन वर्षं अंगावर पाजली, आणि गोष्टी सगळ्या समोरच्या पायरीवर.

श्रावण संपत आला तेव्हा शांताक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू पिकला होता, पुस्तकाने आणखी ताण दिला. तीन अध्याय राहिले होते. त्या पुस्तक घेऊन माझ्याकडेच आल्या. "पोथी अर्धी ठेवायची नसते, तुम्हाला सांगायला नको. बोळात वाचणाऱ्या तुम्हीच. सुरू ठेवा."

मला काय आनंद झाला. मीही बी.ए. आहे, अडलं तर मोबाईलमध्ये शब्द बघता येतो. पहिल्या दिवशी असा आवाज लावला की महादेवीचे हात थांबले. नाग बोलतो तिथे मी खर्जात गेले. मनात म्हटलं, आता कळेल यांना वाचणं कशाला म्हणतात ते.

मग शनिवार आला. अध्याय होता शेवटचा, लग्नाचा. वादळ शमलंय, सगळे जहाजावर जमलेत, आचारी आहे, जादूगार आहे, जोगप्पा मध्ये उभा आहे, आणि गंगव्वा न् रत्ना पुढे येतात. जहाजाच्या दोराचा एक तुकडा दोघींच्या मनगटांना मिळून बांधतात. त्या बेटांवर लग्न असंच लागतं. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, इंग्रजी काही अवघड नव्हतं. मी मान वर केली. नेहा माझ्याकडे बघत होती, डोळे न हलवता. शेजारी शिल्पा बसली होती. शिल्पा म्हणजे धारवाडची तिची मैत्रीण, तिच्याच शाळेतली, रविवारी पेढे घेऊन यायची, माझ्या हातची आमटी वाट्या भरभरून प्यायची. त्या दिवशी दोघी मिळून ऐकायला आल्या होत्या.

आणि मी वाचलं, "दोघींनी एकमेकींना बहीण मानलं. गंगव्वाने रत्नाच्या मनगटाला राखी बांधली." एवढ्यावर थांबले नाही मी. गंगव्वासाठी एक राजपुत्रही आणला. दुसऱ्या बेटावरचा, गोरापान.

का केलं? लाज वाटली म्हणून, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण ते पूर्ण खरं नाही. नेहाच्या डोळ्यांत काहीतरी विचारलेलं होतं आणि मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं. भ्यायले मी.

महादेवी म्हणाली, "राजपुत्र कुठून आला, अक्का? मागल्या अध्यायापर्यंत नव्हता की." मी म्हटलं, "आता आला." कमळाकाकू अक्षता मुठीतच धरून बसल्या. वाहाव्यात की नाही ते त्यांना कळेना. नेहा उठली आणि गेली. तिच्यामागे शिल्पा. चहाच्या वेळी नेहाने सांगितलं की रोजच्या बसचा कंटाळा आला, एक तारखेपासून धारवाडला खोली घेतली आहे. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी "हो", "नाही" आणि "जेवले" एवढंच बोलली. मी अध्याय पुढे वाचला नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं.

शांताक्का हिरवा चष्मा लावून परत आल्या, बरोबर लेकाचा निरोप घेऊन. आता एकटीने राहायचं नाही, सोमवारी गाडी घेऊन येतो. बायकांनी घर आवरायला मदत करताना राखीची गोष्ट त्यांना सांगितलीच असणार. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि ओट्याशी पाटावर बसल्या, डावा कान माझ्याकडे करून. मी भांडायच्या तयारीत होते. म्हणजे मी दोन वाक्यं जुळवूनसुद्धा ठेवली होती.

त्या म्हणाल्या, "वैनी, माझ्या सगळ्या नोकरीत मी एकदाच मध्ये बोलले. हॉस्टेलवरची एक मुलगी होती. गावी वडलांना फोन मागितला. आवाज रडवेला होता. तिकडे वडील आले, ते आधीच तापलेले. मला वाटलं, आता बोलली तर मार खाईल पोर. मी तिला म्हटलं, नंबर लागत नाही, उद्या कर."

"मग?"

"परत तिचा फोन आला नाही. रोज वाट बघितली. तिला काय सांगायचं होतं, मला अजून कळलेलं नाही." त्यांनी चष्मा वर करून डोळा पुसला, औषधाचं पाणी असेल. "चांगल्यासाठीच केलं होतं हो मी."

माझी जुळवलेली दोन वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी कोथिंबीर निवडत बसले. जाताना म्हणाल्या, "मला महिनाभर वाचायची मनाई आहे. रविवारी तो अध्याय परत वाचा. पोथी अर्धी टाकून मी जाणार नाही."

रविवारी सगळ्या जमल्या. सोप्यावर सामानाची खोकी बांधलेली होती, त्यांना टेकूनच बायका बसल्या. नेहा आणि शिल्पा खोलीसाठी भांडी न्यायला आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. शांताक्कांनी नेहमीसारखं विचारलं, "मागल्या अध्यायात काय झालं?" आणि महादेवी म्हणाली, "चुकीचं झालं."

माझा तो चांगला आवाज त्या दिवशी निघेना. पाणी प्यायले. मग वाचलं, जसं होतं तसं. दोर मनगटांना बांधला. गंगव्वा म्हणाली, मी वाऱ्याला कधी भ्यायले नाही, तू नाही म्हणशील याला भ्यायले. रत्ना म्हणाली, माझी प्रत्येक रेघ तुझ्यापाशी येत होती, तुला वाचता आलं नाही एवढंच. जोगप्पाने हात वर केले. "आणि त्या दिवसापासून," मी वाचलं, "त्या दोघी एकमेकींच्या झाल्या." पुढचं मला दिसेना, अक्षरं ओली झाली.

एवढ्यात माझ्या डोक्यावर तांदूळ पडले. कमळाकाकूंनी मूठ उघडली होती. पोथीला अक्षता अध्याय संपल्यावर वाहायच्या, पण लग्न लागलं म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप वर गेला. मग महादेवीने टाकल्या, मग सगळ्यांनी. माझ्या केसांत, पुस्तकावर, खोक्यांवर. थोड्या दारापर्यंतही गेल्या. शिल्पाच्या खांद्यावर चारदोन दाणे होते आणि ती ते झटकत नव्हती.

घरी आल्यावर नेहा माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. शिल्पा बाहेरच थांबली.

"आई, शिल्पा माझी मैत्रीण नाही. म्हणजे नुसती मैत्रीण नाही."

आता अशा वेळी आईने काय म्हणावं? जवळ घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा. तेही केलं मी, पण नंतर. आधी माझ्या तोंडून आलं ते हे, "शांताक्कांना माहीत आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"चौथ्या अध्यायापासून."

इतकं लागलं मला. ती शिल्पाची आहे यापेक्षा, शपथेवर सांगते, हे जास्त लागलं. "मी काय परकी होते? आधी मला का नाही सांगितलंस?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातलं पुस्तक घेऊन ओट्यावर ठेवलं. कव्हरवर, त्या दोन बायकांच्या बरोबर मधे, बरणीच्या तेलाचा गोल डाग होता.

"पुस्तक आधी तुला दिलं होतं, आई."

सोमवारी सकाळी गाडी आली. नेहाच्या वडलांना, म्हणजे आमच्या यांना, अजून काही सांगितलं नव्हतं, ते शांताक्कांच्या लेकाबरोबर डिकीत खोकी बसवत होते. त्यांना सांगायचं अजूनही बाकी आहे, ते मी करणार आहे, शांताक्का नाहीत. बोळ सगळा दारात उभा. नेहा त्यांच्या पाया पडली, त्यांच्या गळ्यात पडून रडली. कॉलेजच्या हॉस्टेलला जाताना माझ्या गळ्यात पडली होती का? नव्हती. मी ते बघत उभी होते आणि मला तेव्हाही जळायला होत होतं, खोटं कशाला बोलू.

त्या मागच्या सीटवर बसल्या. मी खिडकीशी गेले. त्यांनी विचारावं असं मला फार वाटत होतं. नेहा बोलली का, तुम्ही काय म्हणालात, एवढं तरी. मग मीही सांगितलं असतं की आता मलाही सगळं माहीत आहे. त्यांनी विचारलं नाही. विरजणाची वाटी तुमच्याकडेच राहिली, असं काहीतरी म्हणाल्या.

शेवटी मीच वाकले, त्यांच्या डाव्या बाजूने. "अक्का, पोरीने तुम्हाला एवढं सगळं सांगितलं, आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत."

शांताक्कांनी हिरव्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. मग कानावर हात ठेवला.

"लाईन खराब होती हो वैनी," त्या म्हणाल्या. "काही ऐकूच आलं नाही."